किलपेकच्या वळचणीखाली : एका रेखाटन प्रकल्पाच्या नोंदी

६ एप्रिल २०२४

आज कामाला प्रत्यक्ष सुरुवात झाली. इंग्लंडमधील हेरफर्ड शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे १४ किलोमीटरवर, वेल्सच्या सीमेपासून जवळच, किलपेक नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांच्या नावाचे पॅरिश चर्च ११४० च्या सुमारास बांधले गेले. पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेला गावाचा टापू. त्या टापूतील माणसांचे बाप्तिस्मा, लग्न आणि दफन हे विधी ज्या वास्तूत होत आले ती पॅरिश चर्चची वास्तू. किलपेकच्या चर्चमध्ये आजही उपासना होते.

छपराच्या वळचणीखाली, भिंतीच्या माथ्याशी, या चर्चभोवती कोरीव दगडांची एक रांग फिरते. प्रत्येक दगडाचा मागचा भाग भिंतीत रोवलेला असतो आणि पुढचा कोरीव भाग बाहेर आलेला असतो. या पुढे आलेल्या डोक्यांवर छपराच्या कडेखालची दगडी पट्टी टेकते. इंग्रजीत त्यांना कॉर्बेल म्हणतात. त्यांपैकी ८५ आज शिल्लक आहेत. प्रत्येक कॉर्बेलचे पेन्सिलीने एक रेखाटन करायचे आणि त्याच्यासोबत मराठीत वर्णन लिहायचे, असा हा प्रकल्प आहे. युरोपातील बाराव्या शतकातील दगडकामाविषयी आपल्याकडच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मराठीत वाचायला फार थोडे मिळते. ती उणीव एका वास्तूपुरती तरी भरून काढावी, ही इच्छा मनात बरीच वर्षे होती.

शब्दांपाशी पहिली अडचण आली. वाड्यातील खांबाच्या माथ्यावर तुळईला आधार देणाऱ्या कोरीव लाकडाला आपण ‘हस्त’ म्हणतो, आणि हा शब्द येथे वापरण्याचा मोह झाला. परंतु हस्त खांबाशी आणि लाकडाशी बांधलेला आहे, तर हा दगड थेट भिंतीतून निघतो. म्हणून ‘कॉर्बेल’ हाच शब्द ठेवला. वळचण, चिरा (घडवलेला दगड), दर्ज (दोन चिऱ्यांमधली सांध), टाकी (दगडाची छिन्नी), पाथरवट हे शब्द मात्र येथे जसेच्या तसे चालतात, कारण दगड फोडणे, घडवणे आणि रचणे या क्रिया दोन्हीकडे सारख्याच आहेत.

१३ एप्रिल

दिवसभर केवळ क्रमांक देण्याचे काम केले. चर्चचा आराखडा समजायला सोपा आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना आधी नेव्ह, म्हणजे गावकऱ्यांनी उभे राहायचे मोठे दालन. त्यापुढे चॅन्सेल, म्हणजे धर्मगुरूंचे अरुंद दालन. आणि शेवटी ॲप्स हा अर्धवर्तुळाकार भाग. एकापेक्षा एक लहान असे हे तीन भाग एकाच रेषेत जोडलेले आहेत. नॉर्मन काळातील, म्हणजे १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या, खेड्यांतील चर्चसाठी ही रचना नेहमीची होती. नेव्हच्या ईशान्य कोपऱ्यातील काही बांधकाम त्याहूनही जुन्या, अँग्लो-सॅक्सन पद्धतीचे मानले जाते. तेथील चिरे एक उभा, एक आडवा अशा क्रमाने लावलेले दिसतात.

जॉर्ज रॉबर्ट लुईस या चित्रकाराने १८४२ मध्ये या चर्चची तपशीलवार चित्रे प्रसिद्ध केली. त्याच्या नोंदीपेक्षा आज सहा कॉर्बेल कमी आहेत. मी दक्षिण दारापासून मोजणी सुरू केली आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत आकडा जुळेना, कारण एका कोपऱ्यावरचा दगड मी दोन्ही बाजूंच्या यादीत धरला होता. सारी यादी पुन्हा लिहावी लागली. यापुढे नेव्हच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून घड्याळाच्या उलट दिशेने जायचे, आणि कोपऱ्यावरचे दगड वेगळ्या रकान्यात धरायचे, असा नियम ठरवला.

२७ एप्रिल

कॉर्बेलच्या आधी दक्षिण दार पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे आज लक्षात आले, कारण वर विखुरलेले सगळे प्राणी दारापाशी एकत्र भेटतात.

दाराच्या दोन्ही अंगांना दोन दोन स्तंभ आहेत. बाहेरच्या स्तंभांवर सापांची माळ आहे. एकाच्या तोंडात दुसऱ्याची शेपटी, अशी ती वरपर्यंत चढते. आतल्या उजव्या स्तंभावर पानांच्या वेलीत पक्षी आहेत. उजवीकडच्या स्तंभांच्या माथ्यावर, ज्याच्या तोंडातून पाने फुटतात असा चेहरा आहे. इंग्रजी अभ्यासक त्याला ‘ग्रीन मॅन’ म्हणतात. आतल्या डाव्या स्तंभावर दोन योद्धे एकावर एक कोरले आहेत आणि त्यांच्या अंगावर सैलसर विजारी आहेत, जे या काळातील शिल्पात क्वचितच आढळते. दारावरच्या अर्धवर्तुळात, म्हणजे टिम्पॅनमवर, एक झाड आहे. ते जीवनवृक्षाचे रूप मानले जाते. कमानीच्या चिऱ्यांवर पक्षी, श्वापदे आणि कल्पित प्राणी ओळीने बसलेले आहेत.

या योद्ध्यांपैकी एकाच्या विजारीच्या घड्यांवर मी जवळजवळ दोन तास घालवले. पाथरवटाने या घड्या समांतर, खोल रेघांनी दाखवल्या आहेत. रेघ जेथे सुरू होते तेथे टाकी ठामपणे आत गेली आहे, आणि जेथे संपते तेथे ती हळूहळू उथळ होत दगडाच्या पृष्ठभागाशी मिळते. शेजारच्या सापांच्या अंगावरही अशाच रेघा आहेत. कापड, खवले, पिसे आणि पाने यांच्यासाठी एकच हातवळण वापरून त्याने पृष्ठभागाला गती दिली आहे, आणि म्हणून दारापुढे उभे राहिल्यावर सगळेच एकाच वाऱ्याने हलते आहे असे वाटते. हे छायाचित्रात मला कधी जाणवले नव्हते. ते कागदावर उतरवताना हाताला आपोआप कळले.

हे दार बराच काळ लाकडी पोर्चच्या आड झाकलेले होते. शिल्प मूळ योजनेप्रमाणे लोकांना दिसावे म्हणून १८६८ मध्ये तो पोर्च काढला गेला. त्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, १९६८ मध्ये, कमानीच्या वर पावसापासून बचाव करणारे एक अरुंद छत बसवण्यात आले. या दोन तारखा एकाखाली एक लिहून ठेवल्या आहेत. त्यांच्याकडे पुन्हा यावे लागेल.

११ मे

कॉर्बेलची पहिली नऊ वर्णने मी पुण्याला सरांकडे पाठवली होती. सरांनी मला महाविद्यालयात रेखाटन शिकवले. आता ते निवृत्त आहेत, पण अजूनही माझा प्रत्येक कागद तारीख घालून परत करतात. त्यांचे उत्तर आले. ‘तुम्ही तीन ठिकाणी राक्षस असा शब्द लिहिला आहे,’ असे त्यांनी लिहिले आहे. ‘राक्षस म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. या दगडाला कान किती आहेत, दात आहेत की नाहीत, जबडा खाली झुकला आहे की पुढे आला आहे, हे आम्हाला ठाऊक नाही. ते लिहा. अर्थ मागाहून पाहू.’

सर योग्य बोलले. नऊही वर्णने मी रद्द केली आणि आज पहिल्यापासून लिहायला घेतली. दुर्बिणीतून पाहायचे, आधी बाह्यरेषा, मग डोळ्यांची जागा, मग खोलवा आणि शेवटी झीज, असा क्रम ठेवला. नाव द्यायचे ते सगळ्यात शेवटी.

या क्रमाने पहिला दगड काढला तो सगळ्यांच्या ओळखीचा, कुत्रा आणि ससा यांचा. एकाच दगडात दोन डोकी शेजारी शेजारी आहेत. कुत्र्याचे कान लोंबते आहेत, सशाचे लांब आहेत, आणि दोघांचेही डोळे मोठे व वाटोळे आहेत. शिकारी आणि शिकार यांना एकमेकांवर धावून जाऊ न देता पाथरवटाने त्यांना खाली पाहणाऱ्या माणसाकडे तोंड करून बसवले आहे. ‘गोड’ हा शब्द वर्णनात लिहिला होता, तो खोडला. परंतु या नोंदवहीत मात्र लिहून ठेवतो की, हा दगड पाहून आनंद होतो, आणि ज्याने तो घडवला त्याने हजारदा कुत्रे आणि ससे जवळून पाहिले असले पाहिजेत.

२५ मे

संततधार पाऊस. रेखाटन शक्य नव्हते, म्हणून छत्री घेऊन चर्चभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि पाणी कोठे पडते एवढेच पाहिले. प्रकल्पातील आजवरचा सगळ्यात उपयोगी दिवस हाच ठरला.

वळचणीखालचे कॉर्बेल जवळजवळ कोरडे होते. छपराची कड आणि तिच्याखालची दगडी पट्टी पाणी पुढे टाकतात, आणि वारा फार नसेल तर कोरीव चेहऱ्यापर्यंत थेंब पोचत नाही. ज्या बाजूला वारा झोडपत होता, त्या बाजूचे दगड मात्र ओलावून गडद झाले होते. एप्रिलपासून मी ज्या दगडांपुढे ‘झीज जास्त’ असा शेरा लिहिला आहे त्यांची यादी सोबत होती. ओल्या दगडांशी ती पडताळून पाहिली, तर बहुतेक ठिकाणी जुळली.

आपण कोकणात किंवा मावळात वाढलो तर वळचणीचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. पागोळ्या भिंतीपासून किती दूर पडतात यावर कुडाची भिंत टिकते की नाही हे ठरते. येथे तेच तत्त्व जवळजवळ ९०० वर्षे दगडाच्या बाबतीत काम करीत आहे. कॉर्बेल छपराची कड पेलतात आणि छपराची कड कॉर्बेलना झाकते. शिल्पाचा अर्थ काय यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते शिल्प अजून वाचता येते आहे ते या परस्पर आधारामुळे, याबद्दल मात्र फार कमी. या प्रकल्पात प्रत्येक दगडाच्या वर्णनाखाली ‘पाणी’ असा एक रकाना आजपासून जोडला आहे.

१५ जून

शोबडनला जाऊन आलो. ही सहल प्रकल्पाच्या आराखड्यात नव्हती, परंतु मागच्या नोंदीनंतर ती टाळणे शक्य नव्हते.

ऑलिव्हर द मर्लिमंड हा विगमोरच्या ह्यू मॉर्टिमर या सरदाराचा कारभारी होता. तो स्पेनमधील सान्तियागो द कोम्पोस्तेला येथील तीर्थयात्रेला गेला आणि हेरफर्डशरच्या उत्तर भागातील शोबडन येथे त्याने एक चर्च बांधवले. प्रवासात पाहिलेल्या वास्तूंचा ठसा त्या चर्चच्या शिल्पावर उमटला, असे अभ्यासक मानतात. त्याच परंपरेतील पाथरवटांनी किलपेकचे काम केले. याच हातांची, किंवा यांच्याकडून शिकलेल्या हातांची, कामे आसपासच्या अनेक खेड्यांत आहेत; रोलस्टोनचे दार, ब्रिन्सॉपमधील घोड्यावरच्या सेंट जॉर्जचे शिल्प, ईर्डिस्ली आणि कासल फ्रोम येथील बाप्तिस्म्याची दगडी कुंडे ही त्यांपैकी काही. या सगळ्यांना मिळून हेरफर्डशर शैली असे म्हटले जाते.

शोबडनचे जुने चर्च अठराव्या शतकाच्या मध्यास पाडले गेले आणि त्या जागी त्या काळच्या अभिरुचीचे, पांढऱ्या रंगातले, नाजूक नक्षीचे नवे चर्च उभे राहिले. पाडलेल्या चर्चमधील कोरीव कमानी आणि दारे फेकून दिली गेली नाहीत. त्या जवळच्या टेकाडावर, उद्यानातील शोभेची वस्तू म्हणून, उघड्यावर पुन्हा रचण्यात आल्या. त्या आजही तेथेच उभ्या आहेत.

मी स्तंभापासून हातभर अंतरावर उभा राहिलो. एका ठिकाणी एक आकृती असावी. डोक्याच्या जागी उंचवटा आहे आणि खाली कापडाच्या घड्यांच्या तीन रेघा उरल्या आहेत. रेघा तशाच होत्या, समांतर, एका टोकाला खोल आणि दुसरीकडे उथळ. किलपेकच्या दारापाशी दोन तास बसलो नसतो तर त्या मला ओळखताच आल्या नसत्या. बाकी चेहरा, हात, हातात धरलेली वस्तू यांतले काही राहिलेले नाही. दगड साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा गुळगुळीत झाला आहे. लुईसने १८५२ मध्ये या कमानींचीही चित्रे प्रसिद्ध केली होती, आणि येथे काय होते हे कळण्यासाठी आज त्या चित्रांचाच आधार घ्यावा लागतो.

एकाच शैलीचे, एकाच शतकातील काम. एकावर छप्पर राहिले आणि दुसऱ्यावरचे छप्पर काढून घेतले गेले. ज्यांनी त्या कमानी टेकाडावर नेल्या त्यांना त्या सुंदर वाटल्या म्हणूनच नेल्या, यात शंका नाही. परंतु शिल्पाला भिंतीपासून आणि वळचणीपासून वेगळे केले की त्याचा क्षय सुरू होतो, हे मला आज जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी कधी दिसले नव्हते. परतीच्या वाटेवर मन फार जड होते.

२९ जून

ॲप्सच्या बाजूचे काम सुरू आहे. शीला-ना-गिग या नावाने ओळखले जाणारे कॉर्बेल आज काढले. मोठे, केस नसलेले डोके, मोठे डोळे, बारीक हात मांड्यांच्या मागून पुढे आलेले, आणि त्या हातांनी योनी उघडी करून धरलेली. अशा आकृती आयर्लंडमध्ये आणि इंग्लंडमध्ये पुष्कळ ठिकाणी आहेत. किलपेकची त्यांत सर्वांत जास्त ओळखली जाणाऱ्यांपैकी एक आहे.

मराठी वाचकाला ही आकृती पाहताच लज्जागौरीची आठवण होणार, आणि मलाही झाली. तेर या गावी सापडलेल्या तिच्या मृण्मूर्ती मी विद्यार्थिदशेत पाहिल्या आहेत. परंतु हे साम्य आसनापुरते आहे आणि तेथेही पूर्ण नाही. लज्जागौरीच्या पुष्कळ मूर्तींत डोक्याच्या जागी कमळ असते. येथे डोकेच आकृतीचा जवळजवळ अर्धा भाग व्यापते. लज्जागौरीचे हात वर उचललेले असतात. येथे ते कामात गुंतलेले आहेत. दोहोंमध्ये काही संबंध असल्याचा पुरावा नाही, आणि केवळ साम्य पाहून तसा संबंध सुचवणे दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे ठरेल. शीलेचा अर्थ वासनेविरुद्धचा इशारा, सुफलतेचे चिन्ह किंवा वाईट शक्तींपासून राखण, असा वेगवेगळा लावला गेला आहे. वर्णनात या तिन्ही मतांना एक एक ओळ दिली आणि आकृतीला अकरा ओळी दिल्या. हे प्रमाण मला योग्य वाटते.

याच बाजूला, थोड्याच अंतरावर, क्रूस धरलेले कोकरू आहे. ते ख्रिस्ताचे सर्वमान्य प्रतीक आहे. शीला आणि कोकरू एकाच रांगेत, एकाच आकाराच्या दगडात, एकाच वळचणीखाली बसले आहेत. ज्यांनी ही रांग ठरवली त्यांना यात काही विसंगत वाटले नाही.

२० जुलै

आज वाद्य वाजवणारा, एकमेकांना मिठी मारलेली जोडी आणि उलटे टांगल्यासारखे दिसणारे हरीण, अशी तीन रेखाटने पूर्ण झाली. मिठीतील जोडी प्रेमिकांची आहे की कुस्तीगिरांची, हे ठरवता येत नाही. वर्णनात हात कोणाच्या कोठे आहेत तेवढे लिहिले.

दुपारी ऊन फार झाले, म्हणून आत जाऊन बसलो. नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यामधील कमानीच्या दोन्ही अंगांना, स्तंभांच्या जागी, तीन तीन पुरुष एकाच्या डोक्यावर एक असे उभे आहेत. ते ख्रिस्ताचे शिष्य आणि संत असल्याचे मानले जाते. किल्ल्या धरलेला सेंट पीटर त्यांत ओळखू येतो. अशी एकावर एक आकृती उभी करण्याची पद्धत इंग्लंडमध्ये विरळा आहे, आणि तिची तुलना सान्तियागोच्या दक्षिण दाराशी केली जाते. ॲप्सवरचा दगडी घुमट फासळ्यांनी पेललेला असून फासळ्यांवर नागमोडी नक्षी आहे, आणि त्या जेथे मिळतात तेथील दगडावर प्राण्यांची डोकी आहेत.

आतल्या शिल्पाला ना पाऊस लागला ना वारा, त्यामुळे रेघा अगदी धारदार आहेत. बाहेरच्या झिजलेल्या दगडात काय हरवले असेल याचा अंदाज बांधायला ही कमान मापदंड म्हणून वापरता येईल. तिच्यावरील कापडाच्या घड्यांचे एक वेगळे पान काढून ठेवले.

१० ऑगस्ट

पश्चिम भिंत. येथे वळचणीच्या पातळीवर भिंतीतून मोठी डोकी पुढे झेपावतात. जबडा वासलेला, आणि जीभ वळवून गुंडाळलेली. नॉर्वेतील लाकडी चर्चवर आणि व्हायकिंग जहाजांवर असलेल्या प्राणिमुखांशी यांची तुलना होते. दगड भिंतीपासून इतका पुढे काढणे हे मोठे धाडस आहे, कारण मागे रोवलेला भाग आणि त्यावरचे वजन पुरेसे नसेल तर पुढे आलेले डोके स्वतःच्याच भाराने खाली वाकेल किंवा मानेत तुटेल. लाकडात सहज जमणारा आकार येथे दगडात आणला गेला आहे.

मधल्या खिडकीच्या स्तंभांवर गुंफलेल्या पट्ट्यांची नक्षी आहे आणि माथ्यावर पुन्हा पाने ओकणारे चेहरे. खिडकीचे पान अपुरे राहिले.

७ सप्टेंबर

आज केवळ दगड. हा तांबडा वालुकाश्म आहे. भूगर्भशास्त्रात त्याला ‘ओल्ड रेड सँडस्टोन’ म्हणतात आणि तो डेव्होनियन काळातील, म्हणजे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. वाळूचे थर एकावर एक साचून तो बनला. म्हणून चिरा खाणीत ज्या बाजूवर पडून होता त्याच बाजूवर भिंतीत बसवला तर तो टिकतो; उभा करून बसवला तर थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटू लागतात. आपल्या बेसॉल्टवर काम करणाऱ्या पाथरवटाला ही काळजी इतकी करावी लागत नाही, कारण बेसॉल्ट लाव्हा थिजून झालेला असतो. मात्र बेसॉल्टमध्ये विजारीची घडी इतक्या मऊपणे उथळ करत नेणे फार कष्टाचे झाले असते. किलपेकच्या पाथरवटाला त्याच्या दगडाने मऊपणा दिला आणि झिजण्याची भीतीही दिली.

भिंतीच्या दर्जांबद्दलही लिहून ठेवतो. नोकरीत मी अशा भिंती रोज पाहतो. चुन्याची दर्ज दगडापेक्षा मऊ असते. भिंतीत मुरलेले पाणी तिच्यातून बाहेर पडते, आणि झिजायची वेळ आली तर ती झिजते, दगड राहतो. तीच दर्ज सिमेंटने भरली की पाण्याची वाट बंद होते आणि ते दगडातून बाहेर पडू लागते. सोबत आलेला क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतो, आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका गावात, अशी सिमेंटची दर्ज माझ्याच देखरेखीखाली भरली गेली होती. काम घाईचे होते आणि मी हरकत घेतली नाही. तीन हिवाळ्यांनंतर त्या खिडकीच्या चौकटीचा एक कोरीव चिरा हाताला लागताच सुटून आला. तो तुकडा मी टेबलावर ठेवला आहे.

५ ऑक्टोबर

किलपेक टिकले कसे, या प्रश्नाभोवती आज टिपणे एकत्र केली. हे चर्च बांधले गेले तेव्हा हा प्रदेश महत्त्वाचा होता. येथील जुने नाव आर्चनफील्ड. वेल्स आणि इंग्लंड यांच्यामधला हा सीमाप्रांत. चर्चच्या पश्चिमेस नॉर्मन गढीचा मातीचा उंचवटा आणि त्यावरील दगडी बांधकामाचे अवशेष आजही आहेत, आणि जवळच्या शेतात मध्ययुगीन वस्तीच्या खुणा जमिनीच्या चढउतारांतून दिसतात. चर्चचे सध्याचे दुहेरी नावही त्या गढीतून आले असे मानतात: मूळ नाव सेंट डेव्हिडचे, आणि गढीतील प्रार्थनागृह मोडकळीस आल्यावर त्याचे सेंट मेरी हे नाव येथे जोडले गेले.

चौदाव्या शतकानंतर प्रदेशाची भरभराट ओसरली. इतरत्र श्रीमंत झालेल्या पॅरिशनी आपली नॉर्मन चर्च पाडून मोठी गॉथिक चर्च बांधली, खिडक्या रुंद केल्या, बाजूची दालने वाढवली. किलपेकला तेवढे धन आणि तेवढी माणसे नव्हती, आणि त्यामुळे जुनेच नीट सांभाळले गेले. सतराव्या शतकात प्युरिटन पंथीयांनी देशभर कितीतरी चर्चमधील मूर्ती फोडल्या. हे चर्च त्यातूनही सुटले, आणि त्याचे कारण उलगडलेले नाही. पुढे १८६४, १८९८ आणि १९६२ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या, आणि त्या करणाऱ्यांनी शिल्पे जागची हलवली नाहीत.

१८६८ आणि १९६८ या दोन तारखांविषयी माझे मत आता झाले आहे. पोर्च काढणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कारण तो नसता काढला तर मलाही एप्रिलमधला तो दिवस मिळाला नसता. परंतु ज्या आडोशाने दाराची राखण केली त्याची बरोबरी करणारी दुसरी सोय त्याच वर्षी व्हायला हवी होती. मधली १०० वर्षे दाराने उघड्यावर काढली.

२ नोव्हेंबर

८५ वे रेखाटन आज दुपारी पूर्ण झाले. शेवटचा दगड उत्तर बाजूचा आहे. एक डोके, तोंड मिटलेले, कान उजवीकडचा स्पष्ट आणि डावीकडचा निम्मा गेलेला. कोणता प्राणी आहे ते सांगता येत नाही. वर्णन सहा ओळींचे झाले आणि ‘पाणी’ रकान्यात ‘डावी बाजू वाऱ्याकडे’ असे लिहिले.

संध्याकाळी सगळ्या पानांचा एक मोठा तक्ता आखला. चौकोन ९१ ठेवले आहेत, कारण लुईसच्या काळी तितके दगड होते. त्यांपैकी सहा चौकोन कोरे राहतील. त्यांत त्याच्या चित्रांवरून आकृती काढाव्यात असे आधी ठरवले होते. सरांना विचारले, तर ते म्हणाले, ‘जे तुम्ही पाहिले नाही ते तुमच्या हातून काढू नका.’ ते मान्य केले.

पुढच्या आठवड्यात तक्त्याची एक प्रत चर्चची देखभाल करणाऱ्या बाईंना द्यायची आहे. पावसाच्या दिवशी कोणत्या दगडांकडे आधी पाहायचे ते त्यांना हवे आहे. त्या १९ दगडांभोवती निळी रेघ मारली. पश्चिम खिडकीचे अपुरे पान मार्चमध्ये, ऊन भिंतीवर यायला लागले की पूर्ण करायचे.